निजामुद्दीनला भोगलच्या बाजूनेच उतरा: कोल्हापूर ते दिल्ली गोल्फ क्लब

आधी एवढं वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. कोल्हापूर-निजामुद्दीन एक्स्प्रेसमधून उतरलात की सराय काले खाँच्या बाजूला जाऊ नका. मुख्य इमारतीकडून, भोगलच्या अंगाने बाहेर पडा. मी आणि मामा दिल्ली गोल्फ क्लब बघायला निघालो होतो, २००८ ची इंडियन मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा झाली ती जागा. दीड दिवस बसून आमचं अंग आंबलं होतं. गर्दी जिकडे चालली होती तिकडे आम्हीही पूल चढून गेलो आणि भलत्याच बाजूला उतरलो. रिक्षावाल्यांनी घेरलं. गोल्फ क्लबचे चारशे रुपये! मीटरचं नाव काढलं की माना फिरवायचे. मामांचे गुडघे बोलत होते, म्हणून मोजले. त्या बाजूने वळसा पडतो हे मान्य, पण दुसऱ्या दिवशी क्लबपासून स्टेशनच्या मुख्य दारापर्यंत मीटरने पासष्ट झाले. तिकडे अडकलातच तर मेट्रो धरा. गुलाबी लाइनने लाजपतनगर, तिथे गाडी बदलून खान मार्केट, आणि पुढे वीसेक मिनिटं पायी.

ते चारशे तर पाण्यातच गेले. कोल्हापुरात ज्या एजंटाने तिकिटं काढून दिली, त्याने छातीठोक सांगितलं होतं की दारावर पन्नास रुपये भरले की आत सोडतात. साफ खोटं. क्लब फक्त सभासदांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा आहे. पहारेकऱ्याने नीट समजावून सांगितलं, पाणीही दिलं. ओळखीचा सभासद नसेल तर कोल्हापुरातून निघूच नका. आमच्या गावाकडचे एक निवृत्त कर्नल दिल्लीत असतात, त्यांनी रात्रीतून एका सभासदाला गाठलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाता आलं.

एवढा आटापिटा २००८ च्या इंडियन मास्टर्ससाठी. युरोपियन टूर म्हणजे व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका, तिची भारतात झालेली ही पहिली स्पर्धा. फेब्रुवारीत, याच क्लबच्या कोर्सवर, म्हणजे मैदानावर. बक्षिसाची एकूण रक्कम २५ लाख डॉलर. बाहेरून नावाजलेले खेळाडू आले आणि जिंकला कोण, तर कोलकात्याचा एसएसपी चौरासिया. चार फेऱ्यांत २७९ फटके, म्हणजे पारपेक्षा (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) ९ कमी. आयर्लंडचा डेमियन मॅकग्रेन दोन फटक्यांनी मागे राहिला. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते, हिरवळ राखणारे. तालमीत कुस्तीचा हौदा खणणाऱ्याच्या पोराने कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती मारावी, तसं हे. ती बातमी वाचली तेव्हापासून ही जागा डोळ्यांनी बघायची होती.

स्पर्धा मात्र तेवढीच एक. प्रायोजक बांधकाम क्षेत्रातला, त्यात जगभर मंदी आली आणि २००९ ची रद्द झाली. पुन्हा भरलीच नाही. १९९० पासून चालत आलेली जॉनी वॉकर क्लासिकही २००८ मध्ये गुडगावला होऊन गेली होती, तीही २००९ नंतर बंद पडली. महिन्याभरात दोन मोठ्या स्पर्धा इथे आल्या आणि वर्ष-दीड वर्षात दोन्ही संपल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ज्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळींवर, चौरासियाने पट (भोकाकडे हलकेच ढकलायचे फटके) मारले ती आता नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर यांच्या आराखड्यानुसार कोर्स नव्याने बांधला आहे. मी क्षणभर खचलोच. पण फेअरवेच्या, म्हणजे चेंडू मारत न्यायच्या गवती पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंची दाट झुडपं बघितली आणि जीव थाऱ्यावर आला. चेंडू हातभर वाकडा गेला की गेलाच. इथे ताकदीपेक्षा सरळ मारणारा टिकतो, आणि चौरासिया उंचीने लहान, लांब मारणारा नव्हेच. मोर निवांत फिरत होते. लाल बंगल्याचे मकबरे जवळून बघा, लाल दगड सकाळच्या उन्हात फार छान दिसतो.

एका ग्रीनच्या कडेला एक माळी गुडघ्यावर बसला होता. चेंडू पडून झालेल्या खळग्याच्या कडेने तो दोन दातांचा छोटा काटा खुपसायचा, माती आतल्या बाजूला रेटायचा आणि तळव्याने दाबायचा. मामा शेजारी उकिडवे बसले. गुडघे दुखत असताना दहा मिनिटं उठले नाहीत. जन्मभर तालमीत राबलेला माणूस. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू किती घालायचं हे हाताला कळतं त्यांच्या. "ह्याचं पोरगं खेळत असंल का रं?" एवढंच विचारलं. मला बोलता येईना.

कपड्यांचं लक्षात ठेवा. कॉलरचा शर्ट, पँट, बूट. मामा कोल्हापुरी घालून आले होते. कर्नलनी रात्री फोनवर सांगितलं म्हणून स्टेशनजवळच्या बाजारात साडेतीनशेचे कॅनव्हास बूट घेतले. घरूनच न्या.

चौरासिया २०११ मध्ये अवंता मास्टर्स जिंकला ते गुडगावला. तीही स्पर्धा २०१० ते २०१३ एवढीच चालली. तिकडे गेलो नाही. एका दिवसात दोन्ही करू नका, अंगात त्राण राहत नाही. आणि परतीचं तिकीट जातानाच काढा, ही गाडी आठवड्यातून एकदाच आहे.