मित्राचा बँड, घोडबंदर रोडची गच्ची

शनिवारी कॉलेजच्या मित्राच्या बँडचा गिग होता, घोडबंदर रोडला एका कॅफेच्या गच्चीवर. वाशीहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे, पुढे रिक्षा, त्यात मानपाड्याला नेहमीचं ट्रॅफिक, म्हणजे पहिली दोन गाणी गेलीच. पब्लिक तीसेक, निम्मे नातेवाईक, काकू पर्स मांडीवर घेऊन पहिल्याच रांगेत.

पूर्वी हा गिटार बडवायचा, आता बेस गिटार (खालच्या, जाड सुरांची) वाजवतो आणि खरं सांगू, बेसच शोभतो त्याला. जाड ई तार साधारण ४१ हर्ट्झची, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, इथे मात्र टेबलावरचा कॉफीचा ग्लास थरथरत होता! गायक ठीकठाक (त्याला सांगू नका).

दहाला उघड्यावरचा लाऊडस्पीकर बंद, २००० सालापासूनचा नियम, म्हणून शेवटचं गाणं अर्ध्यातच आटपलं आणि मित्रसाहेबांनी मला वायरी गुंडाळायला बसवलं.