गाडी चालवता येत नाही म्हणून नोकरी जात नाही: एका रुग्णवाहिका चालकाचा अनुभव

सरकारी रुग्णवाहिकेवर मी पंधराहून जास्त वर्षं चालक होतो, कायम पदावर. काटोल, उमरेड, रामटेक, भिवापूर, जिथून निरोप येईल तिथून पेशंट उचलायचा आणि नागपूरच्या मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयांत, आणायचा. आता मी गाडी चालवत नाही. तरी रुग्णवाहिकेच्याच कामात आहे आणि त्याच वेतनश्रेणीत आहे. डोळा, कंबर, फिट, हृदय अशा कारणांनी गाडीवरून उतरलेले कितीतरी चालक कुणी सांगितलं म्हणून मेडिकल पेन्शनच्या कागदावर सही करून घरी बसतात. तसं करण्याआधी त्यांनी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्याची मुख्य शीर बंद पडली. बीपी आणि शुगर असलेल्यांना हा धोका जास्त असतो. दुखलं काहीच नाही. सकाळी उठलो तर डाव्या बाजूला सगळं धुरकट. डोळ्यात इंजेक्शनं घेतली, सूज उतरली, नजर मात्र परत आली नाही. उजवा डोळा चष्म्याने चांगला आहे, त्यामुळे घरात वावरताना अडत नाही. अडतं ते अंतराच्या अंदाजाला. ग्लासात पाणी ओतताना सुरुवातीला धार बाहेर जायची. मग अपघात विभागाच्या पोर्चमध्ये गाडी रिव्हर्स घेताना मागची पायरी हातभर लांब आहे की वीतभर, हे कसं कळणार? डावीकडून घुसणारी दुचाकी दिसत नाही. रात्री उमरेड रोडवर समोरच्या ट्रकचा प्रकाश पडला की चांगला डोळाही दिपतो, आणि मागे स्ट्रेचरवर बाळंतीण असते. डॉक्टरांनी ‘वाहन चालवू नये’ असं लिहून दिलं त्याच दिवशी मी चावी आणि लॉगबुक जमा केलं आणि पोच घेतली. ही पोच पुढे फार कामी आली, कारण काम सोडून मी गैरहजर राहिलो नाही, हे त्यावरून सिद्ध झालं.

आस्थापनेतल्या बाबूंनी मला बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, “भाऊ, पद चालकाचं आहे. गाडी चालवता येत नाही तर इथं काय करून राहिले तुम्ही? मेडिकलवर निघून जा, पेन्शन तर भेटेल.” माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की दुसरा रस्ताच नाही. घरी मुलगी बारावीला, आईची औषधं सुरू. सही करणार नाही एवढंच बोलून मी उठलो.

रस्ता दाखवला आमच्या संघटनेतल्या एका निवृत्त काकांनी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व येतं त्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही, खालच्या पदावरही नेऊ शकत नाही. जुन्या पदाचं काम जमत नसेल तर तेच वेतन आणि सेवेचे तेच लाभ ठेवून दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पदावर ठेवण्याची सोय आहे. काकांनी पान उघडून माझं बोट त्या ओळीवर ठेवलं. मी ती मोठ्याने वाचली, बायकोनेही वाचली.

मग प्रमाणपत्र. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज भरला, मेडिकलच्या नेत्ररोग विभागात तपासणी झाली. एक डोळा जवळजवळ पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर मोजणीत ३० टक्के बसतात. तसेच बसले. ४० टक्क्यांच्या खाली दिव्यांग कार्डावर पांढरा रंग येतो, ४० ते ८० ला पिवळा, त्यावर निळा. माझं कार्ड पांढरं. ते पाहून कार्यालयाने लगेच सांगितलं, “चाळीस नाही, म्हणजे लागू नाही.”

इथेच बहुतेक जण माघारी फिरतात, म्हणून नीट सांगतो. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, त्याला कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. कलम २० (४) मध्ये टक्क्यांचा आकडाच नाही. तिथे फक्त नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेला कर्मचारी, एवढंच आहे. हे मी अर्जात कलमाच्या शब्दांसकट उतरवलं. सोबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जोडले. कुणाल सिंग प्रकरण, २००३: पाय गमावलेल्या कॉन्स्टेबलला रुग्णता निवृत्तिवेतन, म्हणजे हीच मेडिकल पेन्शन, मिळालं होतं, तरी दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या जुन्या कायद्याचं संरक्षण त्याला नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे ज्यांची सही होऊन गेली आहे, त्यांनीही वकिलाला एकदा जरूर विचारावं. दुसरा निकाल १ ऑगस्ट २०२५ चा, तेलंगणा परिवहन महामंडळाच्या रंगांधळेपणा आढळलेल्या बसचालकाचा. त्याला त्याच वेतनावर योग्य पद द्या, असा आदेश झाला. त्यात महामंडळाच्या जुन्या कराराचाही आधार होता, त्यामुळे माझं प्रकरण हुबेहूब तेच नव्हतं. पण पर्यायी काम खरोखर शोधलं का, हे मालकाने दाखवायचं असतं, ही गोष्ट माझ्या उपयोगाची होती.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडला तो वेगळ्याच कागदाने. डॉक्टरांना मी विनंती केली की काय करता येत नाही एवढंच नको, काय करता येतं तेही लिहा. त्यांनी लिहिलं: वाचन, लेखन, संगणक, फोन, सामान तपासणी ही कामं करू शकतो, वाहन चालवणं, शिडीवर चढणं आणि कमी उजेडातलं काम टाळावं. नुसतं ‘अनफिट’ लिहिलेलं असतं तर तो कागद माझ्याच विरोधात गेला असता. आणि अर्जात ‘हलकं काम द्यावं’ असं मोघम लिहिलं नाही. नियंत्रण कक्ष, भांडार, वाहन विभागाची नोंदवही अशी तीन कामं नावानिशी मागितली. उत्तर आलं नाही तेव्हा कलम २३ खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलो. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तो नेमावा लागतो. आमच्याकडे तो नेमलेला आहे हे आस्थापनेतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. तिथेही अडलं असतं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाणार होतो. त्याआधीच आदेश निघाला: नियंत्रण कक्ष, वेतनश्रेणी कायम.

कक्षात काही बदल मागून घ्यावे लागले. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडायचा, टेबल फिरवून घेतलं. सहकारी आता माझ्या उजव्या बाजूला बसतो, कारण डावीकडून कुणी कागद पुढे केला तर मला दिसत नाही. दुचाकी सोडून मेट्रोने येतो आणि रात्री उशिरा मेट्रो नसते, म्हणून सकाळची पाळी लेखी मागितली. यातल्या कशालाही कार्यालयाला पैसा लागला नाही.

आणि कामाचं म्हणाल, तर रस्ते डोक्यात आहेतच. वर्धा रोडवरून येणाऱ्या नव्या चालकाने परवा विचारलं, पेशंट खामल्याच्या दवाखान्यात न्यायचा आहे, पुलावरून येऊ का? म्हटलं, “नको बाप्पा, खालूनच ये. वर चढला तर थेट अजनी चौकाकडेच उतरशील.” ३.१४ किलोमीटरच्या त्या डबल डेकर पुलावर एकदा चढलं की मध्ये खामल्याकडे उतरता येत नाही, आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटला तो फेरा परवडत नाही. बुटीबोरीच्या अपघातातला पेशंट असला की मिहानमधलं एम्स वाटेत आधी लागतं, डॉक्टरांना तिथे विचारा, हे मी आधीच सांगतो. निर्णय डॉक्टरांचा, पण रस्ता मला माहीत आहे.

मूळ पगार तोच आहे. अतिकालिक भत्ता आणि धुलाई भत्ता गेला, तेवढी महिन्याची ओढाताण आहे.

सध्या मला काळजी आहे ती कंत्राटी चालकांची. कलम २० (४) सरकारी आस्थापनेच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला ते सरळ लावता येत नाही. अशा एकाची कंबर ड्युटीवर स्ट्रेचर उचलताना गेली. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात त्याच्या पगारातून होते, म्हणून कामावरच्या इजेचा अहवाल ठेकेदाराकडून लेखी घेणं आणि अपंगत्व लाभाचा दावा लावणं, हे आधी करतो आहोत. सोमवारीपेठेतल्या ईएसआय रुग्णालयातले त्याचे सगळे कागद मी तारखेप्रमाणे लावून फाईल केली आहे. ठेकेदाराकडे समान संधी धोरणाची प्रतही मागितली आहे, कारण कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला ते करावं लागतं. अर्जाची पोच हातात आली आहे, उत्तराची वाट पाहून राहिलो.