लिनॅकचा बीमटाइम आणि दौरा मंजुरीचा अर्ज

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉन-लिनॅक या कणत्वरकावर बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी कणझोताची वेळ, मिळवणे कठीण असते, असे मला अनेकांनी बजावले होते. प्रत्यक्षात प्रस्ताव, छाननी, समितीपुढचे सादरीकरण हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते आमच्या विद्यापीठाच्या लेखा विभागात.

दौरा मंजुरीच्या अर्जात परतीची नेमकी तारीख लागते. मी 'प्रयोग पूर्ण होईपर्यंत' असे लिहिले, तेव्हा 'कारण लेखी द्यावे' असा शेरा मारून फाइल परत आली. मग मी कारण सविस्तर लिहिले. पेलेट्रॉन या पहिल्या त्वरकाच्या १४ दशलक्ष व्होल्टमधून निघालेल्या जड आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, वेग प्रकाशवेगाच्या जेमतेम एक-दशांशाच्या आसपास असतो आणि जड अणुकेंद्रकाचे विद्युत प्रतिकर्षण ओलांडायला ती ऊर्जा अनेकदा अपुरी पडते. म्हणून पुढे २००७ साली पूर्ण झालेला लिनॅक हा दुसरा त्वरक आहे; त्यात आयनांना टप्प्याटप्प्याने ढकलणारे २८ रेझोनेटर, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या पोकळ्या, आहेत. हे रेझोनेटर तांब्याचे असून त्यांना आतून शिशाचा मुलामा दिलेला असतो आणि द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर ते शिसे अतिसंवाहक होते, म्हणजे विजेला जवळपास विरोध करत नाही. आतील विद्युतक्षेत्र सेकंदाला १५ कोटी वेळा आवर्तते, त्यामुळे झोपाळ्याला धक्का द्यावा तसे आयनांच्या पुंजक्याला नेमका क्षण साधूनच ढकलावे लागते. मंद आयनांचा वेग दर टप्प्याला बदलत असल्याने एकेका रेझोनेटरची फेज, म्हणजे धक्क्याची वेळ, क्रमाने जुळवावी लागते, आणि आयन बदलला की ती जुळणी नव्याने करावी लागते. म्हणून प्रयोग नेमका कधी संपेल हे आधी सांगता येत नाही.

यावर लेखाधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "ते सगळं ठीक आहे, पण तिकीट कुठल्या तारखेचं काढणार?" फाइल पुन्हा ढिगाच्या तळाशी गेली, आणि मी रोज त्या टेबलापाशी जाऊन उभा राहू लागलो.

अखेर कामी आले ते प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे दोन ओळींचे पत्र: बीमटाइम अमुक ते तमुक या कालावधीत असून जुळणीनुसार तो पुढे सरकू शकतो. असे पत्र बीमटाइम मंजूर होताच, लेटरहेडवर आणि सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावे. माझे भौतिकशास्त्र त्या विभागात कोणी वाचले असेल असे वाटत नाही. शिक्का मात्र लगेच वाचला गेला.

किरणोत्सार मोजणाऱ्या टीएलडी बॅजची व्यवस्था या सगळ्याच्या आधी करून ठेवावी. त्याच्या अर्जावरही विभागप्रमुखांची सही लागते.