गाडीत बिघाड नव्हताच, तरी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये: टूरिंग बाईकचे मोड आणि सस्पेन्शन सेट करतानाचा माझा अनुभव

जानेवारीत सेकंडहँड मोठी टूरर घेतली. दोन वर्षं वापरलेली, वॉरंटी नुकतीच संपलेली, पण गाडी एकदम जपलेली. रेन, रोड, स्पोर्ट, ऑफरोड असे चार मोड, आणि पुढे-मागे इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन. ट्रान्सफर, इन्शुरन्स वगैरे सगळं पटापट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. जे अडलं ते एकाच ठिकाणी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कुणाचे तरी पैसे आणि दिवस वाचतील.

एकट्याने चालवताना गाडी म्हणजे सुख. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून निघायचं, त्र्यंबकला जायचं, नाश्ता करून परत, काही तक्रारच नाही. फेब्रुवारीत पहिल्यांदा बायकोला घेऊन सापुताऱ्याला निघालो, दिंडोरी-वणी-बोरगाव मार्गे, दोन्ही साईड बॉक्स भरलेले. वणीच्या पुढे रस्ता वळायला लागला आणि गाडी माझी राहिलीच नाही. वळणात आत टाकली की बाहेर पळते, हँडल हलकं लागतंय, खड्ड्यावरून गेली की मागचा भाग दोन-तीनदा वर-खाली होतो. हातगडच्या चढावर बायको म्हणाली, "अहो, मागे झोपाळ्यात बसल्यासारखं होतंय, थांबा जरा." परत येताना अंधार पडला तर समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतोय, म्हणजे माझा लाईट त्यांच्या डोळ्यात जातोय. तेव्हा मला या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे हे कळलं नव्हतं.

मी काय केलं, तर मोड बदलत बसलो. रोडमध्ये लिबलिबीत वाटतं म्हणून स्पोर्ट लावला, त्यात डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची वर-खाली हालचाल आवरणारी सेटिंग, कडक होतं. तर खड्डे सरळ कंबरेत, आणि थ्रॉटल इतका तिखट की प्रत्येक वेळी बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर. मग डॅम्पिंग सॉफ्ट केलं तर पुन्हा झोपाळा. दोन महिने हाच खेळ. गाडीवर किती वजन आहे ते सांगणारी लोड सेटिंग वेगळी असते, त्यातली दोघे आणि सामानाचं चित्र असलेली मी प्रत्येक वेळी न विसरता निवडत होतो, म्हणून तिथे काही चुकत असेल अशी शंकाच आली नाही.

एप्रिलच्या शेवटी सासरी ठाण्याला निघालो तेव्हा कसारा घाटात एका वळणावर गाडी लेन सोडून बाहेर गेली. शेजारून ट्रक जात नव्हता म्हणून बरं. ठाण्याला पोचल्यावर ठरवलं की आता दाखवायचीच. या कंपनीचं वर्कशॉप नाशिकमध्ये नाही, तिकडेच आहे, म्हणून दोन दिवसांनी एसटीने परत यायची तयारी ठेवून गाडी तिथे लावली.

आता खरा त्रास. काउंटरवरच्या माणसाला मी दहा मिनिटं सांगितलं, की एकट्याने छान चालते, दोघे बसलो आणि बॉक्स लावले की मागे बसते, लाईट वर जातो, वळणात बाहेर पळते. त्याने जॉब कार्डवर काय लिहिलं? "रिअर सॉफ्ट." दोन शब्द. मी म्हटलं, पूर्ण लिहा ना, दोघे असताना होतं असं लिहा. म्हणाला, "सर, टेक्निशियनला कळतं."

तिसऱ्या दिवशी फोन केला तर लॅपटॉप लावलाय, एरर कोड नाही, गाडी ओके आहे. टेस्ट राईड घेतली का विचारलं. घेतली. कुणी? एकट्या टेक्निशियनने, वर्कशॉपच्या मागच्या सपाट रस्त्यावर. अरे, मी दोघे म्हणतोय! रिकामी गाडी आणि एक माणूस, त्यात काय कळणार? मी म्हटलं, मागे कुणाला तरी बसवा, बॉक्स गाडीवरच आहेत, त्यात काहीतरी वजन टाका. "हो सर, करतो." पाचव्या दिवशी मीच फोन केला, तर ज्याच्याशी बोललो तो सुट्टीवर. दुसऱ्याने कार्ड वाचलं आणि मलाच विचारलं, "रिअर सॉफ्ट म्हणजे नक्की काय होतंय?" सगळं पहिल्यापासून सांगितलं. सातव्या दिवशी निर्णय आला की मागचा शॉकअब्सॉर्बर थकलेला असू शकतो, बदलून बघू, पार्ट मागवावा लागेल, अंदाजे खर्च दीड लाखाच्या वर. "असू शकतो" या शब्दावर दीड लाख! मी सरळ नाही म्हटलं आणि नवव्या दिवशी गाडी आणायला गेलो. बिल 2950 रुपये, सस्पेन्शन चेकिंगचे 2500 आणि जीएसटी. चेक काय केलं ते आजपर्यंत मला समजलेलं नाही. नऊ दिवसांत तिथल्या एकाही माणसाने मला "तुम्ही लोड सेटिंग कशी बदलता ते जरा दाखवा" एवढं विचारलं नाही. विचारलं असतं तर पाच मिनिटांत विषय संपला असता, आणि माझी सगळी चिडचिड याच एका वाक्यावर आहे.

उलगडा झाला आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. माझा एक मित्र सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, आयुष्यभर मापंच घेतलीत त्याने. त्याला सांगितलं तर म्हणाला, सॉफ्ट-हार्ड सोड, गाडी किती मिलिमीटर बसते ते सांग. मला काय माहीत! संध्याकाळी स्टीलची टेप घेऊन आला. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत, एक्सलपासून वर सीटखाली चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने खूण केली आणि तिथपर्यंत माप घेतलं, 640. मग स्टँडवरून काढून मी एकटा पूर्ण कपड्यांत बसलो, 582. म्हणजे 58 मिलिमीटर बसली. माझ्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनची हालचाल 200 मिलिमीटर आहे, आणि साधारण तिसरा हिस्सा बसणं बरोबर धरतात, म्हणजे एकट्यासाठी एकदम ठीक. मग दोन्ही बॉक्स भरून लावले, बायकोला खाली बोलावलं, दोघे बसलो, डिस्प्लेवर दोघे-अधिक-सामान सेटिंग लावलेली. माप 545. म्हणजे 95 मिलिमीटर, जवळजवळ निम्मी हालचाल उभ्या गाडीतच संपलेली!

मित्राने विचारलं, सेटिंग बदलल्यावर काही आवाज येतो का, मोटर असेल ना आत. मी म्हटलं कधीच नाही आला. मग लाईट भिंतीवर कुठे पडतो ते बघायला म्हणून गाडी स्टार्ट केली, आणि सहज पुन्हा एकट्याची आणि परत दोघांची सेटिंग निवडली. मागून घुंssई असा आवाज सुरू झाला आणि गाडी आमच्या दोघांसकट हळूहळू वर उचलली गेली. भिंतीवरचा उजेड खाली सरकला. माप 576. म्हणजे 64. चार महिन्यांत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. इतकं बरं वाटलं की काय सांगू, बायको तर टाळ्या वाजवायला लागली.

कारण असं, की ट्रिपला आम्ही नेहमी पहाटे पाचला निघतो. सोसायटीत झोपमोड नको म्हणून मी चावी फिरवून, इंजिन बंद असतानाच सगळ्या सेटिंग करायचो आणि मग स्टार्टर मारून लगेच निघायचो. डिस्प्लेवर चित्र बदलायचं पण मोटर फिरायचीच नाही, कारण माझ्या गाडीत स्प्रिंग दाबणारी मोटर इंजिन चालू आणि गाडी उभी असेल तेव्हाच काम करते. आणि तिला पूर्ण व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत चित्र लुकलुकत राहतं. ते स्थिर व्हायच्या आत निघालं की काम अर्धवट. पुस्तकात "गाडी उभी असताना" हे मी वाचलं होतं, "इंजिन चालू ठेवून" हे पुढच्या पानावर होतं. चूक माझी होती हे मान्यच आहे. पण जो माणूस रोज याच गाड्या हाताळतो त्याला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

तर आता मला जे नीट कळलंय ते सांगतो. गाडीचं आणि माणसांचं वजन पेलते स्प्रिंग. ती आधीपासून किती दाबून ठेवायची तो प्रीलोड. डॅम्पिंग वजन पेलत नाही, ते फक्त स्प्रिंगची हालचाल किती वेगाने होऊ द्यायची ते ठरवतं. सेमी-अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन (रस्त्याप्रमाणे आपोआप जुळवून घेणारं) सहसा चालता चालता स्वतःहून बदलतं ते डॅम्पिंग. म्हणून मागून बसलेली गाडी डॅम्पिंग कडक करून वर येत नाही, उलट खड्डा पेलायला हालचाल उरलेली नसते आणि वरून कडकपणा, म्हणून कंबर मोडते. मागचं खाली गेलं की पुढचं वर, म्हणून हँडल हलकं, वळणात गाडी बाहेर, आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यात. लोक डिपर मारत असतील तर लाईटचा स्क्रू फिरवायच्या आधी प्रीलोड बघा.

क्रम माझा आता असा आहे: थंड टायरमध्ये हवा, मग लोड, मग डॅम्पिंग, मोड सगळ्यात शेवटी. हवा माझ्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे पुढे 36 मागे 42, तुमच्या गाडीचं तुम्ही बघा. स्वतःचा गेज ठेवा, दोन पंपांवर दोन आकडे येतात.

मोडबद्दल. रेन मोड फक्त पावसासाठी नाही. पिंपळगाव, दिंडोरी भागात सीझनमध्ये ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर येतात, चाकांची माती डांबरावर पडते, त्यावर टँकरचं पाणी सांडलं की साबण. तिथे मी न लाजता रेन लावतो. थ्रॉटल मऊ होतो आणि मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल लवकर मध्ये येतो. सिंहस्थाच्या कामांनी शहरात जिथे तिथे खोदलंय, खडी पसरलीय, तिथेही तोच. पण दोघे बसून चढावर ट्रक ओलांडायचा असेल तर रेन नको, गाडी आळशी होते, ऐन वेळी ताकद कमी पडते. तिथे रोड. स्पोर्ट मी मागे कुणी असताना लावतच नाही. ऑफरोड मोडमध्ये माझ्या गाडीचं मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, म्हणून कच्च्यावरून डांबरावर आलो की पहिलं काम मोड परत बदलणं.

आणि माझ्या गाडीत चालता चालता मोड बदलताना थ्रॉटल पूर्ण सोडायचा, ब्रेक दाबायचा नाही, तेव्हाच बदल लागू होतो. नाहीतर नवीन मोडचं नाव लुकलुकत राहतं आणि आपल्याला वाटतं झालं. डॅम्पिंगही चालता चालता बदलतं. लोड मात्र उभं राहूनच.

जुलैमध्ये दोघेच घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलो, भरपूर पाऊस, रेन मोड, डॅम्पिंग मधलं. सोसायटीच्या गेटबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून लोड लावला, चित्र स्थिर होईपर्यंत थांबलो, मग निघालो. बायकोने एकदाही थांबा म्हटलं नाही. उलट परत येताना घोटीला भजी खाताना म्हणाली, पुढच्या वेळी अजून लांब जाऊ.

हां, एक राहिलंच. घरी आलात, मागचा माणूस आणि सामान उतरवलं, की लोड परत एकट्यावर आणायला विसरू नका. मागचं उंच राहिलं की सीट उंच होते आणि पाय नीट टेकत नाहीत. आणि वर्कशॉपला गेलात तर जॉब कार्डवर तुमचं वाक्य पूर्ण लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. मी आता 640, 582, 576 हे तीन आकडे कागदावर लिहून सीटखाली ठेवलेत. पुढच्या सर्व्हिसला गाडी परत घेताना तिथेच टेप काढून मोजणार आहे.