रंगाखालची रेव

घरी सांगितलं, कलमांच्या बागेत पाण्याची टाकी ओढायला ट्रॅक्टर हवा. ते अर्धंच खरं होतं. मला मॅसी १०३५ हवा होता, जुना, तीन सिलिंडरच्या सिम्प्सन इंजिनाचा. लहानपणी घाटावर मामाकडे तो होता आणि त्याचा आवाज डोक्यातून कधी गेला नाही.

देवगडजवळ एक १९८४ चा मॅसी विकायचा आहे असं कळलं. कणकवलीचे एक सत्तरीतले मिस्त्री बरोबर यायला तयार झाले. त्यांची अट एकच, मालकाने आधी गाडी चालू करायची नाही. मी तसा निरोपही दिला होता. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर अंगणात भडभडत उभा! "म्हटलं तुमचा वेळ वाचेल," मालक काका हसत म्हणाले. गरम इंजिन कोणाचंही चटकन चालू होतं, खरी परीक्षा थंड असताना. मिस्त्री काही बोलले नाहीत, बाजूचं गोणपाट ओढून सरळ ट्रॅक्टरखाली आडवे झाले.

मी रंग बघत होतो. नवा कोरा लाल, बोनेटपासून बोल्टांपर्यंत, अगदी ग्रीस आत भरायच्या बारीक तोट्यांवर, म्हणजे निपलांवरसुद्धा. निपलावर अखंड रंग म्हणजे रंगकामानंतर तिथे ग्रीसगन लागलेलीच नाही, एवढं मलाही कळलं.

"कुठे चालायचा हा?"

"बागेतच. दुसरीकडे कुठे नेणार?"

मिस्त्री खालून बाहेर आले आणि तळहात पुढे केला. मागच्या एक्सलच्या सांध्यातून, रंगाच्या पापुद्र्याखालून खरवडलेली पांढुरकी चिमूटभर. "बागेतली माती तांबडी. ही रेव खयसून इली?"

काका जरा वेळ गप्प राहिले. मग सांगितलं, दोन हंगाम किनाऱ्यावर होड्या ओढायला दिला होता.

इथून पुढे आमचं लक्ष इंजिनावरून उडालं आणि मागच्या भागाकडे गेलं. या मॅसीत गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं, आणि मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंप त्याच तेलात बुडालेला असतो. चाकाकडचं ऑइल सील गेलं की चिखलणीचं असो वा समुद्राचं, पाणी आत शिरतं, आणि मग बेअरिंग, दाते, पंप सगळ्यांचंच नुकसान. समुद्राचं पाणी तर लोखंडाला जास्तच खातं. मी म्हटलं, मग आत्ताच बघू की. मिस्त्री म्हणाले, "आज उघडून काय उपयोग नाय. सगळा घुसळलेला आसा. पाणी जड, ता रात्रीत खाली बसता. उद्या येवया."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इंजिन गार होतं. मिस्त्रींनी मागचा ड्रेन प्लग पूर्ण काढला नाही, फक्त सैल केला आणि खाली स्टीलचा पेला धरला. आधी पाणी आलं, जवळजवळ अर्धा पेला. मग ताकासारखं पांढरट तेल. काकांनी मान फिरवली.

त्यामानाने इंजिन चांगलं निघालं. तिसऱ्या खेपेला धरलं, सुरुवातीला पांढरा धूर, तापल्यावर तोही गेला. निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. तेल भरायचं झाकण काढलं तर आतून धुराचा झोत नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही, हे आम्ही चालू करण्याआधीच बघितलं होतं. लिफ्टला नांगर लावून उचलला तर धक्के खात वर गेला, आणि इंजिन बंद केल्यावर माझं पाणी पिऊन होईपर्यंत जमिनीवर. पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली हलवली, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला प्ले, म्हणजे ढिलेपणा होता, पण तो दुरुस्त होतो. मागच्या रिमांचं मात्र वाईट वाटलं. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरायची पद्धत आहे, आणि वॉल्व्हच्या भोकाभोवती रिम पार खाल्लेली. पान्याने ठोकली तर आवाज बद्द.

सील, पंप, किंगपिन, दोन रिमा, सगळं कागदावर मांडून चाळीस हजार उतरवले. काकांनी फार ताणलं नाही. रेव दाखवल्यावर त्यांचा सूरच उतरला होता.

पण खरा घोळ कागदांत होता. चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरसी बुकाशी जुळला. इंजिन नंबरही जुळला. नाव मात्र कोल्हापूरकडच्या एका शेतकऱ्याचं, आणि नंबर तीन अक्षरी, म्हणजे १९८९ च्या 'एमएच' मालिकेच्या आधीचा. काकांनी ट्रॅक्टर स्टॅम्प पेपरवर घेतलेला, नावावर कधी केलाच नाही. मूळ मालक वारलेले. म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मग तिकडच्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे एनओसी, फॉर्म २८ वर, मग माझ्या नावावर करायला २९ आणि ३०. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तेही राहिलेलं. मी फक्त इसार दिला आणि उरलेले पैसे कागद झाल्यावर, असं लिहून घेतलं. त्यात चार महिने गेले. वारस भला माणूस, सह्यांना दोनदा घाट उतरून आला. मी ओरोसला आरटीओत किती खेपा घातल्या ते मोजायचं सोडून दिलं.

सील आणि पंपाचं काम मिस्त्रींनी तिथेच उरकलं. मग देवगड-नांदगाव रस्त्याने मी मॅसी चालवत आणला, मिस्त्री मागून स्कूटरवर, नजर खाली तेलाच्या थेंबावर. नांदगाव तिठ्यावर थांबवून त्यांनी मागच्या दोन्ही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाला, हात लावून बघितला. कोमट, म्हणजे ठीक. मग चहा.

घरी आल्यावर आई पायरीवरून बराच वेळ बघत होती. "ह्यो बागेसाठी?" एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी मी चाकूने निपलांवरचा रंग खरवडत बसलो. मिस्त्री म्हणतात आणखी एक निपल असायलाच हवं. ते अजून सापडलेलं नाही.