तेल पण आणि बायोचार पण? जरा थांबा

पायरोलिसिसवरचं (म्हणजे लाकूड ऑक्सिजनशिवाय तापवून त्याचं तेल, कोळसा आणि गॅस करणं) कुठलंही प्रेझेंटेशन उघडा, एका टोकाला तोडीनंतर जंगलात उरलेल्या फांद्या, शेंडे, सालीचा ढीग आणि तिथून दोन बाण, एक बायो-ऑइलकडे (वाफ थंड करून मिळणारं तेल), दुसरा बायोचारकडे (मातीत घालायचा कोळसा). दोन्ही सारखेच जाड. मला तिथेच खटकतं, कारण एकाच लाकडातून दोन्ही भरपूर निघत नाही.

तेल हवं असेल तर बारीक चुरा ऑक्सिजनशिवाय साधारण ५०० अंशांवर झटक्यात तापवायचा आणि निघालेली वाफ दोनेक सेकंदांत थंड करायची, मग वजनाच्या ६०-७० टक्के तेल मिळतं आणि कोळसा जेमतेम १२-१५. बायोचार हवा असेल तर निवांत, तासनतास तापवायचं, कोळसा ३०-३५ टक्क्यांवर जातो आणि तेल घटतं. त्यात झटक्यात तापवणाऱ्या प्लांटमधला तो थोडा कोळसाही बहुतेक वेळा तिथेच जाळून टाकतात, नाहीतर चुरा ज्या गरम वाळूत तापवतात ती वाळू तापवायला आणि चुरा सुकवायला उष्णता आणणार कुठून? म्हणजे दुसरा बाण सरळ भट्टीत!

आणि सुकवणं हे काय किरकोळ काम नाही. ताज्या तोडीच्या मालात निम्मं पाणीच असतं. असा १ टन माल १० टक्के ओलाव्यावर आणायचा तर जवळपास ४४० किलो पाणी उडवावं लागतं, नुसती त्याची वाफ करायलाच १ गिगाज्यूल लागतो आणि आतल्या ५०० किलो सुक्या लाकडात सगळी मिळून ऊर्जा ९ गिगाज्यूलच्या आसपास. म्हणून फिनलंडमधे योएन्सूला २०१३ मधे जो प्लांट सुरू झाला (वर्षाला ५०,००० टन तेलाची क्षमता) तो वीज आणि उष्णता बनवणाऱ्या केंद्रालाच जोडला, ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

साल आणि पानांची वेगळीच कटकट. त्यात राख जास्त, राखेत पोटॅशियम, आणि ते वाफेला फोडून गॅस आणि पाणी वाढवतं. साल काढलेल्या स्वच्छ लाकडाचे आकडे दाखवून काडीकचऱ्याचा प्लांट विकणारे लोक हे सोयीस्कर विसरतात.

त्या तेलाला तेल म्हणायचं तरी कसं हा प्रश्नच आहे, २०-२५ टक्के पाणी, पीएच २-३ म्हणजे साधं लोखंड खाणार, डिझेलमधे मिसळत नाही, ऊर्जा किलोमागे डिझेलच्या निम्म्याहून कमी, आणि साठवलं की घट्ट होत जातं. बॉयलरमधे हेवी फ्युएल ऑइलच्या जागी चालतं, पण बर्नर आणि पाइपलाइन त्यासाठी बदलावी लागते. गाडीत घालायचं तर हायड्रोजन वापरून त्यातला ऑक्सिजन काढा, तो खर्च वेगळाच.

त्यामुळे बॉयलर जवळ असेल, उष्णता आयती मिळत असेल तर खुशाल तेलाच्या मागे लागा. नाहीतर माझं मत सरळ बायोचारला, विशेषतः माल विखुरलेला असेल तर, कारण फांद्यांच्या गाडीत अर्धी हवा आणि अर्धं पाणी वाहून नेण्यापेक्षा जागेवर कोळसा करून मातीत घालणं परवडतं आणि नीट भाजलेल्या कोळशातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो. फक्त भट्टीचा धूर मोकळा सोडू नका, त्यातला मिथेन हवामान तापवतो आणि मातीत साठवलेल्या कार्बनच्या फायद्यातून वजा होतो.