ऑटोबानवर ताशी ऐंशी

"मामा, चारशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही. साडेतीन तासांत म्युनिक," फ्रँकफर्टचा भाचा म्हणाला. तो स्वतः सगळीकडे ट्रेनने हिंडतो, हे मला नंतर कळलं. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या महामार्गावर, आम्हाला सव्वासात तास लागले. त्यातली बिनधास्त वेगाची मिनिटं मोजली तर वीस भरतील. बाकी वेळ मी एका लिथुआनियन ट्रकच्या मागच्या दाराचा अभ्यास करत होतो.

जून २०२३. मी, बायको आणि कॉलेजातली मुलगी. आरटीओतून हजार रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना आणि रस्त्याच्या उजवीकडून गाडी हाकायची सवय तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. नसेल तर भाच्यासारखं ट्रेनने जा.

घोटाळा विमानतळावरच झाला. आम्ही छोटी गाडी ठरवली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, त्याच पैशात मोठी एसयूव्ही देते. फुकटचं नाही म्हणायची आपल्या घराण्यात रीत नाही. डिकीत सगळ्या बॅगा मावल्या, पोरगी मागे पाय पसरून बसली, मी विजयी मुद्रेने निघालो.

व्युर्त्सबुर्गपर्यंत ठीक. तिथून पुढे ए-३ महामार्गावर बीबेलरीड ते फ्युर्त/एरलांगन हा ७६ किलोमीटरचा पट्टा सहापदरी करायचं काम २०२० पासून चालू होतं. जर्मन लोक अशा जागेला 'बाउश्टेले' म्हणतात. हा शब्द पाठ करा, 'डांके' म्हणजे 'धन्यवाद'च्याही आधी. इथे पांढरे पट्टे विसरायचे, पिवळे पाळायचे. वेग ८०. आणि डाव्या लेनवर एक पाटी: २.१ मीटर. मला वाटलं उंची असेल. मुलीने फोनवर शोधून सांगितलं, "बाबा, रुंदी. आरशांसकट." गाडीच्या कागदावर दोन मीटर लिहिलं होतं, पण ती रुंदी आरसे सोडून! आरसे धरले तर आमचं धूड २.२. म्हणजे डावी लेन आम्हाला बंद. साधी फोक्सवॅगन गोल्फ गाडीसुद्धा आरशांसकट दोन मीटरच्या वर जाते, पण ती या पाटीखाली बसते. आम्ही नाही.

मग काय, उजवीकडे ट्रक, आणि ट्रकांमध्ये आम्ही. पुढे ट्रक, मागे ट्रक, एका हाताला काँक्रीटचा कठडा. डाव्या बाजूने छोट्या गाड्या सुळसुळत पुढे जात होत्या, त्यातल्या एकीत तर साधारण ऐंशीच्या आजीबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही जाल तेव्हा हा पट्टा मोकळा झालेला असेलही. दुसरीकडे कुठेतरी खणलेलं असेलच. छोटी गाडी घ्या. फुकट दिली तरी मोठी घेऊ नका. या वृत्तांतातलं एवढं वाचलंत तरी पुरे.

न्यूर्नबर्गनंतर ए-९ ला लागलो आणि पांढऱ्या गोल पाटीवर तिरक्या काळ्या रेघा दिसल्या. म्हणजे मर्यादा संपली. १३० हा सल्ला आहे, सक्ती नाही. पण त्यावर जाऊन अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी भरपाईतला काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. मी १६० वर गेलो, छाती फुगली, आणि आरशात दिवे चमकले. फेरारी? पोर्शे? कुरिअरची पांढरी व्हॅन! डावा इंडिकेटर लावून माझ्या डिकीत शिरायच्या बेतात. इथे डावी लेन ही राहायची जागा नाही. ओव्हरटेक करा, उजवीकडे या, मागच्यासाठी वाट सोडा. आपल्या एक्स्प्रेसवेवर उजव्या लेनमध्ये संसार थाटलेले ट्रक असतात, म्हणून आपण डावीकडून घुसतो. तसं इथे उजवीकडून पुढे काढलंत तर १०० युरो दंड.

दिव्यांची भाषाही उलटी. आपल्याकडे समोरचा दिवे मारतो तेव्हा 'मी येतोय, तू थांब'. इथे मागच्या गाडीने मारले तर 'हो बाजूला', पण ट्रकला मागे टाकल्यावर त्याने मारले तर 'ये आत, जागा आहे'. मी पहिल्यांदा घाबरून आणखी पुढे पळालो. हॉर्न म्हणाल तर सात तासांत एकदाही ऐकला नाही. मी वाजवला तो धरला नाही तर.

ट्रकांना मर्यादा ८० ची. त्यातला एक दुसऱ्याला तासाला जेमतेम दोन किलोमीटर जास्त वेगाने मागे टाकू लागतो, आणि मागे सगळी जर्मनी खोळंबते. याला इथे 'हत्तींची शर्यत' असं नाव आहे. मोठे ट्रक रविवारी रात्री दहापर्यंत बंद असतात, तेव्हा शक्य असेल तर रविवारीच निघा. आम्ही मंगळवारी निघालो, कारण भाचा म्हणाला होता मंगळवार रिकामा असतो.

इंगोलश्टाटजवळ ट्रॅफिक तुंबला. लगेच डाव्या लेनवाले आणखी डावीकडे, बाकीचे उजवीकडे सरकले आणि मध्ये अँब्युलन्ससाठी सरळ गल्ली पडली. कुणी सांगितलं नव्हतं, शिट्टी नाही, पोलीस नाही. एवढी मोकळी जागा पाहून माझे हात शिवशिवले. बायको म्हणाली, "अहो, स्टिअरिंग सोडा." बरं झालं. गल्ली अडवली तर किमान २०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी.

टॉयलेट: महामार्गावरच्या मोठ्या थांब्यांवर माणशी एक युरो, बदल्यात एक युरोचं कुपन. आम्ही तिघं, तीन कुपनं, एक कॉफी. तिन्ही एका कॉफीवर चालत नाहीत. निव्वळ गंडवणूक. निळ्या पाटीवर फक्त 'पी' आणि डब्ल्यूसीचं चिन्ह असेल तिथे थांबा. स्टीलचं भांडं, वास आहे, पण फुकट. पेट्रोलही महामार्गावर घेऊ नका, एखाद्या एक्झिटने उतरून 'आउटोहोफ'ला, म्हणजे एक्झिटजवळच्या पंपावर, भरा. स्वस्त पडतं. टाकी संपून गाडी रस्त्यात बंद पडली तर त्याचाही दंड होतो.

म्युनिकचे चार दिवस छान गेले.

पुण्यात परतल्यावर दीड महिन्याने पत्र आलं. बाउश्टेले संपताना रस्ता रुंद झाला, मला वाटलं सुटलो. पण मर्यादा रस्ता रुंदावून संपत नाही, पाटी आली की संपते. ८० च्या जागी ९१, दंड ४० युरो. शिवाय माझा पत्ता कळवल्याचे म्हणून भाडेकंपनीने कार्डावरून ३५ युरो परस्पर कापले, म्हणजे कारकुनी जवळपास गुन्ह्याएवढीच महाग. सोबत फोटो होता. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा त्यांनी काळा केला होता. ती काय बोलत होती ते तरीही मला स्पष्ट ऐकू येतं.